गाणं नसलेली वरात

तुळशीची लग्नं उरकली की आठ दिवसांच्या आत आमच्या हडपसरातून पहिली वरात निघतेच. यंदाची परवा निघाली. मी पायरीवर उन्हात मेथी निवडत बसले होते आणि कोपऱ्यापलीकडून क्लॅरनेट ऐकू आलं. हल्ली क्लॅरनेट कानावर पडणं म्हणजे नवलच, सगळीकडे त्या डीजेच्या भिंती. वाजवणारा नवखा असावा, वरच्या सुरावर गेला की चिरकत होता. आतल्या खोलीत हे पेपर वाचत होते. पेपर जरासुद्धा खाली न घेता म्हणाले, "पत्ती सुकलीय त्याची. थंडीत तोंडात ओली ठेवावी लागते." पत्ती म्हणजे क्लॅरनेटच्या तोंडाशी बसवतात ती वेताची चपटी काडी. झालं, एवढंच बोलले. पण माझं मेथीतलं लक्ष उडालं ते उडालंच. पानं काड्यांच्या ढिगात आणि काड्या पातेल्यात. त्या चिरक्या सुराबरोबर मला तीन वर्षांपूर्वीची थंडी आठवली होती, आणि ती आठवली की मी कुठल्याच कामाची राहत नाही.

हे म्हणजे आमचे मास्तर. सगळं हडपसर त्यांना मास्तर म्हणतं. शाळेतले नव्हेत, बँडचे. बेचाळीस वर्षं त्यांनी वरातीच्या पुढे चालून क्लॅरनेट वाजवलं. मागे वीस-बावीस माणसं, ट्रंपेट, ढोल, ताशे, खुळखुळे, आणि सगळ्यांची नजर ह्यांच्या डाव्या कोपराकडे. कोपर वर गेलं की चाल बदलायची, कोपर अंगाशी आलं की थांबायचं. बोलून सांगायची सोयच नसते तिथे. वरातीत बोललेलं कोणाला ऐकू येतंय?

लग्नसराई बाकीच्यांना जिलबीच्या वासाने कळत असेल. मला ती पायांवरून कळायची. हे घरी आले की आधी पाय. घमेल्यात कोमट पाणी, मूठभर मीठ, आणि त्यात ते सुजलेले पाय. मग ओठ. क्लॅरनेट धरून धरून खालच्या ओठाला आतून खाच पडायची, तिच्यावर तूप लावायचं. मग तो लाल कोट. पितळी बटणं चिंचेने घासायची, पाठीवर घामाचे जे पांढरे नकाशे उमटलेले असत ते ओल्या फडक्याने पुसून काढायचे. कोट धुवायचा नाही, सोनेरी फीत काळी पडते. जेवण दुपारी चारला, कधी पाचला. लग्नघरी बँडवाल्यांना जेवू घालत नाहीत असं नाही, घालतात. पण शेवटची पंगत उठल्यावर, आणि तेही टेंपोपाशी. हे तिथे जेवत नसत. मला भूक नसते म्हणायचे. भूक नसलेला माणूस घरी येऊन चार भाकरी कसा खातो, हे मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारण्यातच संसार असतो.

आमच्या घरात ह्या सगळ्याला कोणी कला बिला म्हटलं नाही. सुपारी आली की जायचं, लोक सांगतील ते वाजवायचं. नवऱ्याच्या मामाला एक गाणं हवं, मावशीला दुसरं, आणि मित्रमंडळींना तिसरं, तेही एकाच वेळी. ह्यांना सगळी गाणी यायची. काल आलेलं सिनेमाचं गाणं आज सकाळी चहाच्या आत बोटांत बसायचं.

तर त्या थंडीत वाघोलीला एका लॉन्सवर लग्न होतं. नगर रस्त्यावर कुठेसा कंटेनर आडवा झाला आणि नवरदेवाचीच गाडी अडकली. फाटकाशी बँड उभा, वऱ्हाड उभं, घोडा उभा. येणारी सगळी गाणी वाजवून झाली. बाकीची माणसं दमून कठड्यावर बसली. हे मात्र फाटकापासून घोड्यापर्यंत आणि घोड्यापासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालत हळूहळू वाजवत राहिले, थंडीत क्लॅरनेट गार पडू नये म्हणून. अशा वेळी ते जे वाजवतात ते गाणं नसतं. एक सूर घ्यायचा, त्याला हुंगायचं, सोडायचा, दुसरा धरायचा. बँडमधली माणसं हसायची त्याला. "मास्तर चरायला निघाले," म्हणायची.

नवरीची एक मैत्रीण तिथे आली होती, मैथिली नावाची. साडी नेसलेली, चपला हातात, टाच सोललेली. बाकी सगळे फोन लावत होते आणि ही बाई ह्यांच्या मागे मागे चालत ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, काका, हे कोणाचं आहे? हे म्हणाले, कोणाचं नाही हो, वेळ काढतोय.

तिसऱ्या दिवशी ती आमच्या दारात हजर. बरोबर रोहन, दाढीवाला, उंच, चौकटीला डोकं आपटून आत आलेला. पहिल्या दिवशी दोघं मला आजी म्हणाली, ते मी दुसऱ्या दिवशी काकूवर आणून घेतलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की त्यांचा तिघांचा संच आहे, ट्रिओ म्हणतात. वाजवतात ते जॅझ. मैथिली डबल बास वाजवते, रोहन ड्रम. तिसरा सॅक्सोफोनवाला शिकायला परदेशी गेला, आणि मुंढव्याच्या बाजूला नव्या कलेचं जे केंद्र आहे तिथला जानेवारीतला कार्यक्रम तर ठरलेला. तिसरे म्हणून मास्तर याल का?

हे म्हणाले, मला इंग्रजी गाणी येत नाहीत. रोहन म्हणाला, गाणं नाहीच आहे, मास्तर. आधी काही ठरवायचंच नाही. एकाने काहीतरी काढायचं, दुसऱ्याने नीट ऐकायचं, आणि तिसऱ्याने त्या दोघांना सोडून जायचं नाही. त्या क्षणाला जे सुचेल ते खरं.

शेजारच्या घरात आमच्या कमलवन्सं राहतात, ह्यांची धाकटी बहीण. आमच्याकडे चहाचं आधण ठेवलं की त्यांना भिंतीपलीकडे ऐकू जातं. त्या कपबशी घेऊन बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे गाणं नाही, घोडा नाही, नवरा मुलगा पण नाही. मग ऐकायला येणार कोण, वाट चुकलेले?"

पोरं हसली. हेसुद्धा हसले, आणि हसता हसता हो म्हणून बसले.

आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे, त्याचा हॉल दुपारी रिकामा असतो. तिथे सराव सुरू झाला. मैथिलीचं ते वाद्य माणसापेक्षा उंच, टेंपोतून आणावं लागतं. रोज कुठे नेणार, म्हणून महिनाभर ते आमच्याच बाहेरच्या खोलीत उभं होतं, एखाद्या थोराड पाहुण्यासारखं. थंडी फार पडली तेव्हा मी त्याला माझी शाल पांघरली. रस्त्यावरून मोठा ट्रक गेला की ते आपोआप घुमायचं, आणि मी भाकरी थापता थापता आतून ओ द्यायची. अजूनही कधी कधी तो कोपरा मला रिकामा वाटतो.

पण सराव काही धड होईना. पोरांनी मान म्हणून ह्यांना हात असलेली चांगली खुर्ची दिलेली, गादी घालून. हे ताठ बसायचे, क्लॅरनेट तोंडाला लावायचे, आणि दोन मिनिटांत धाप. बेचाळीस वर्षं मैलोन्‌मैल फुंकलेला माणूस, आणि खुर्चीवर बसून श्वास पुरेना. शिवाय बोटं सारखी ओळखीच्या गाण्यावर जायची. एखादा मुखडा निम्मा वाजला की स्वतःच दचकून थांबायचे, चोरी सापडल्यासारखे. मैथिली म्हणायची, असू दे मास्तर, तुम्हाला वाटेल ते वाजवा. अगदी गोड बोलायची पोरगी. त्या गोडीनेच जास्त लागायचं.

एका दुपारी सरावाहून आले, क्लॅरनेटचे तुकडे पुसून पेटीत ठेवले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "ती म्हणते वाटेल ते वाजवा. मला काही वाटतच नाही. मी काय वाजवू?"

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

कप न उचलताच म्हणाले, बेचाळीस वर्षं लोकांचंच वाजवलं. माझ्यात माझं असं काही नाहीच बहुतेक. रविवारी कार्यक्रमात निघालं काही तर निघालं. नाही तर पेटी माळ्यावर.

मस्करीत नव्हते बोलत. डीजे आल्यापासून सुपाऱ्या कमी झालेल्याच होत्या, गुडघाही बोलायला लागला होता. पण सुपारी नाही म्हणून पेटी माळ्यावर जाणं वेगळं, आणि आपण आतून रिकामे आहोत असं कळून जाणं वेगळं. पहिल्या दुःखातून माणूस उठतो. दुसऱ्यातून कसा उठेल, ह्याची मला त्या आठवड्यात फार काळजी लागली होती.

आपलं असं काही आपल्यात आहे का, हे माणसाला कळावं तरी कसं? मी स्वतः सातवी शिकलेली. विहाराच्या कपाटातली पुस्तकं वाचता वाचता लिहायला लागले, तेव्हा मलाही वाटायचं, आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे, भाकऱ्या आणि घमेलं? वहीची पहिली चार पानं मी दुसऱ्या कोणाच्या तरी भाषेत लिहिली, चंद्र काय, चांदणं काय. पाचव्या पानावर कधीतरी घमेलं आलं आणि हात चालू लागला. पण मला निदान वही मिटून ठेवता येत होती. ह्यांना रविवारी सकाळी अकरा वाजता भर लोकांत बसायचं होतं.

त्यात केंद्रातल्या एका बाईंचा फोन आला. भल्या होत्या, वाईट हेतू नव्हता. म्हणाल्या, मास्तरांनी बँडचा लाल कोट घातला तर फार छान दिसेल, फोटोही चांगले येतील. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, तो कोट कामाचा आहे, मी तिथे कामाला येत नाही. फोन ठेवला. मी लगेच पांढरा शर्ट आणि राखाडी बिनबाह्यांचा स्वेटर इस्त्रीला काढला. त्या आठवड्यात ह्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला तो तेवढाच एकदा.

रविवारी आम्ही रिक्षाने गेलो, हे, मी आणि कमलवन्सं. केंद्र म्हणजे जुन्या कारखान्याची शेड. वर पत्रे तसेच, क्रेनचा रूळ तसाच, भिंती मात्र दुधासारख्या पांढऱ्या. पहिल्या दालनात जमिनीवर विटा मांडून ठेवल्या होत्या. वन्सं म्हणाल्या, बांधकाम राहिलंय वाटतं. तिथल्या मुलीने समजावून सांगितलं, की हीच कलाकृती आहे, आजी. वन्सं विटांना वळसा घालत म्हणाल्या, असेल बाई.

कार्यक्रमाच्या हॉलला एका अंगाला सरकतं लोखंडी दार होतं, ट्रक आत येईल एवढं. थंडीत ऊन आत यावं म्हणून ते सगळं उघडून ठेवलेलं, बाहेर अंगणात ऊन. खुर्च्या भरलेल्या. मला नवल वाटलं ते शांततेचं. इतकी माणसं जमलेली आणि कोणी नाचत नाही, फर्माईश करत नाही, कोणाचा मामा घोड्याला सांभाळत नाही. नुसती वाट बघतायत. बेचाळीस वर्षांत ह्यांच्यासमोर वाजवण्याची वाट बघत कोणी बसलं नव्हतं.

सुरुवात रोहनने केली, काठ्यांऐवजी तारेच्या छोट्या झाडूने, अंगण झाडल्यासारखी. मैथिलीने एक जाड सूर सोडला, तो माझ्या खुर्चीच्या पायातून वर आला. मग हे. खुर्चीतच, माइकपुढे. दोन सूर. थांबले. पुन्हा दोन. मग तो निसटलाच, एका जुन्या गाण्याचा मुखडा, आणि पुढच्या रांगेतला एक गृहस्थ ओळखीचं हसला. ह्यांनी क्लॅरनेट तोंडापासून काढलं. पोरं वाजवत राहिली, ह्यांच्याकडे न बघता, त्यांना लाज वाटू नये म्हणून. मी मनातल्या मनात एक-दोन मोजत होते. वीसपर्यंत आले असेन.

आणि हे उठले. माइक सोडला, स्टेजच्या तीन पायऱ्या उतरले आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने दाराकडे चालू लागले. वन्संनी माझं मनगट दाबलं. "कुठं चालला दादा?" मला वाटलं, संपलं. निघाले. मी मान खाली घातली. त्यामुळे मला आधी ते दिसले नाहीत, ऐकू आले.

चालता चालता त्यांनी क्लॅरनेट तोंडाला लावलं होतं, आणि श्वास आला होता. चार पावलांना एक श्वास, बेचाळीस वर्षांचा हिशोब तो. अंगाला दुसरा येतच नाही. आम्ही सगळ्यांनी मान म्हणून त्यांना खुर्ची दिली आणि खुर्चीत त्यांचा श्वास बांधून ठेवला, हे मला तिथे, मान खाली घालून बसलेली असताना कळलं. वर पाहिलं तर रोहनने झाडू टाकून काठ्या घेतल्या होत्या आणि तो ह्यांच्या पायांकडे बघून वाजवत होता. ह्यांचा डावा पाय गुडघ्यामुळे जरा उशिरा पडतो. पोराने तो उशीरसुद्धा धरला.

हे दारातून बाहेर अंगणात गेले. ऊन डोक्यावर, सूर पातळ होत लांब गेला, वळला, पुन्हा जवळ आला. फाटकावरचा वॉचमन उगाच ताठ उभा राहिला. आतली सगळी माणसं खुर्च्यांत उलटी फिरून दाराकडे बघत होती. मला घरातली झाडून सगळी गाणी येतात, मी बँडवाल्याची बायको आहे. त्यातलं एकही ते नव्हतं. बँडची माणसं ज्याला चरणं म्हणून हसायची तेच होतं ते, पण ह्या वेळी कोणाची गाडी अडकली नव्हती आणि वेळ काढायचा नव्हता. ते वाजण्यासाठीच वाजत होतं.

अंगणाला फेरी घालून हे दारापाशी आले आणि थांबले. दाराचा लोखंडी रूळ जमिनीत होता, बरोबर त्याच्या अलीकडे.

मला कळलं. तिथल्या दुसऱ्या कोणाला कळायचं कारण नव्हतं. वरात मांडवाच्या दाराशी आली की बँड बाजूला होतो. नवरा आत जातो, वऱ्हाड आत जातं, अत्तर, फुलं, माणसं सगळी आत, आणि बँड बाहेर. कोणी अडवत नाही. अडवावं लागतच नाही. पाय आपोआप थांबतात.

हे तिथे उभे राहून वाजवत होते. बाहेर उन्हात एक, आत सावलीत दोघं. केंद्रातल्या बाई हाताने या या करायला अर्धवट उठल्या, तर मैथिलीने नुसती मान हलवून त्यांना बसवलं. ती एकच तार हळूहळू छेडत होती, दार उघडं आहे एवढंच सांगितल्यासारखी. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. सूर एकदा अगदी खाली गेला, मला वाटलं विझतोय. मग ह्यांनी पाय उचलला आणि रुळाच्या आत टाकला. कोणी बोलावलं नाही, कोणी हात धरला नाही. वाजवत वाजवत आत आले.

आणि खुर्च्यांच्या मध्यावर आल्यावर ह्यांचं डावं कोपर वर गेलं. मैथिली आणि रोहननी तत्क्षणी चाल बदलली. ती खूण त्यांना कोणी शिकवलेली नव्हती.

त्यानंतर तिघांनी जे काही केलं ते मला लिहिता येत नाही, सरळ कबूल करते. धावले, भांडले, एकमेकांच्या वाटा अडवल्या, मध्येच तिघंही गप्प झाले आणि तिघंही एकदम सुटले. हे शेवटपर्यंत स्टेजवर चढलेच नाहीत. खुर्ची तशीच राहिली, गादीसकट. संपलं तेव्हा लोक उभे राहिले. उभं राहून टाळ्या वाजवतात हे मी टीव्हीवर पाहिलं होतं; माझ्या माणसासाठी वाजवतात तेव्हा कानात कसं होतं ते तिथे कळलं. वन्सं रडत होत्या आणि धूळ फार आहे इथे म्हणत होत्या.

मुखडा ओळखून हसलेले ते पुढच्या रांगेतले गृहस्थ आले. हात जोडून म्हणाले, मास्तर, ह्या रचनेचं नाव काय? हे म्हणाले, नाव अजून ठेवलेलं नाही, आजच झालीय. मग आत सगळ्यांबरोबर टेबलापाशी उभं राहून ह्यांनी दोन बटाटेवडे खाल्ले आणि तिसरा घेतला. भूक लागलीय म्हणाले.

दुपारी रिक्षाने परत निघालो. वन्सं पुढच्या चौकात लेकीकडे उतरल्या. पेटी ह्यांच्या मांडीवर. ऊन तिरपं आत येत होतं. बराच वेळ बाहेर बघून झाल्यावर, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बरं झालं का?"

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. ह्या माणसाने घरी येऊन पाय पुढे केले, ओठ पुढे केला, ताट मागितलं. वाजवलेलं बरं झालं का, हे मला एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं काय? गाणं दुसऱ्याचं, लग्न दुसऱ्याचं. बरंवाईट त्यांचं ते बघून घेतील.

खरं तर मला म्हणायचं होतं की माझा ऊर फुटायची वेळ आली होती. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा माणूस काही विचारतोय, तर त्याला खोटंनाटं कौतुक देऊन कसं चालेल? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, चांगलं झालं. दारापाशी जरासं लांबलं.

ह्यांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. "लांबलं? तिथे तेवढं लागतंच. त्याशिवाय पुढचं उभं कसं राहील? तुला कळतं काय त्यातलं?"

आणि तोंड फिरवून बसले. वरातीत लोकांनी काय काय बोल लावले असतील, मास्तर सूर चुकला, मास्तर दमलात का, हे कधी रागावले नाहीत. हसून पुढचं गाणं घ्यायचे. त्या दुपारी मात्र मुंढव्यापासून हडपसरच्या गाडीतळापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसून राहिले. आणि मी शेजारी बसून, पदराआड तोंड करून, सगळा रस्ता हसत होते.